राग क्लब बदलण्याचा नको, लपवाछपवीचा हवा

बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल क्लबचे दोन खेळाडू एका वर्षाच्या अंतराने बायर्न म्युनिकला गेले. त्या काळात जर्मनीतल्या विजेतेपदाची लढत याच दोन क्लबांत होती. २०१३ मध्ये गेला मारिओ गोत्झे. त्याच्यापोटी डॉर्टमुंडला ३ कोटी ७० लाख युरो मिळाले. २०१४ मध्ये गेला रॉबर्ट लेवांडोवस्की. त्याच्यापोटी एक दमडीही मिळाली नाही. निव्वळ हिशेब पाहिला तर चाहत्यांचा राग लेवांडोवस्कीवर निघायला हवा होता. घडले उलटेच. गोत्झेची हुर्यो उडवली गेली आणि लेवांडोवस्कीला घरच्या शेवटच्या सामन्यात टाळ्यांच्या गजरात निरोप मिळाला.

गोत्झे लहानपणापासून डॉर्टमुंडच्या अकादमीत वाढलेला. मार्च २०१२ मध्ये त्याचा करार २०१६ पर्यंत वाढला, तेव्हा चाहत्यांना हायसे वाटले. त्याच करारात ठरावीक रक्कम भरून सुटण्याची वाटही होती. तिचा खरा अर्थ बहुतेकांना उमगला तो २३ एप्रिल २०१३ रोजी, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या उपांत्य फेरीतला रियल माद्रिदविरुद्धचा सामना एका दिवसावर आलेला असताना. बातमी फुटली आणि क्लबला ती कबूल करावी लागली. लेवांडोवस्कीच्या बाबतीत मात्र काहीच झाकलेले नव्हते. २०१३ च्या उन्हाळ्यातच त्याला बायर्नला जायचे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. डॉर्टमुंडने विकायला जाहीर नकार दिला आणि करार संपेपर्यंत तो आमच्याकडेच खेळेल, असे सांगितले. जानेवारी २०१४ च्या पहिल्याच आठवड्यात बायर्नने त्याच्याशी पाच वर्षांचा करार झाल्याचे जाहीर केले. त्यानंतरही हंगाम संपेपर्यंत तो डॉर्टमुंडच्या पिवळ्या जर्सीत खेळला आणि २० गोलांसह त्या हंगामात बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, सर्वाधिक गोल करणारा ठरला. तो उन्हाळ्यात कुठे जाणार हे माहीत असूनही स्टेडियम त्याच्या गोलांवर नाचत होते.

माझे म्हणणे या दोन उदाहरणांवर उभे आहे. करार पाळून प्रतिस्पर्धी क्लबकडे जाणे हा खेळाडूचा हक्क आहे आणि त्याला गद्दारी म्हणणे अन्यायाचे आहे. पण पाठीराख्यांची फसवणूक होते हेही खरे. ती होते लपवाछपवीतून, आणि त्या लपवाछपवीत क्लबचा वाटा खेळाडूइतका, बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. खेळाडूच्या नावाने शिमगा करण्यापेक्षा करार उघड करण्याची मागणी लावून धरणे अधिक न्यायाचे आहे.

पाठीराख्याच्या संतापाला भाबडेपणा म्हणून उडवून लावणारे बरेच भेटतात. हा धंदा आहे, भावनेला जागा नाही, असे ते सांगतात. हे मला पटत नाही. भावनेला जागा नसेल तर खेळाडूचे नाव छापलेली जर्सी ऑगस्टमध्ये कोण विकते? सीझन तिकिटाच्या जाहिरातीत त्याचा चेहरा कोण वापरते? क्लब वर्षभर निष्ठा विकतो आणि खेळाडू गेला की व्यवहाराची भाषा बोलू लागतो. पाठीराख्याला मात्र क्लब बदलता येत नाही. वडिलांचा क्लब तोच त्याचा क्लब, बहुधा मुलांचाही तोच. त्याला निदान खरे काय ते वेळेवर कळावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

आधी नियम काय आहेत ते पाहू, कारण बहुतेक वाद नियम माहीत नसल्यानेच भरकटतात. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या बाबतीत ही मर्यादा तीन वर्षांची. करारातल्या खेळाडूशी बोलणी करायची तर दुसऱ्या क्लबने आधी त्याच्या सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवे. करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी अवधी उरला की खेळाडू नव्या क्लबशी करार करायला मोकळा होतो. करार मध्येच तोडला तर भरपाई द्यावी लागते. वयाच्या २८ व्या वाढदिवसाआधी केलेल्या कराराची पहिली तीन वर्षे आणि त्यानंतर केलेल्या कराराची पहिली दोन वर्षे हा संरक्षित काळ असतो. त्या काळात विनाकारण करार मोडला तर खेळाडूवर चार महिन्यांची खेळबंदी येते, प्रकरण गंभीर असेल तर सहा महिन्यांची. फूस लावणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी येऊ शकते. नवा क्लब शत्रू आहे की मित्र, याचा या नियमांत कुठेही उल्लेख नाही, आणि तो नसावाच.

करार संपल्यावर खेळाडू पूर्ण मोकळा असतो, हे तत्त्वही आपोआप आलेले नाही. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमान या खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. करार संपलेला असूनही त्याचा जुना क्लब पैशांसाठी त्याला अडवून बसला होता. त्याआधी युरोपात ही सर्रास रीत होती.

आता बार्सिलोना सोडून त्याच्या कट्टर वैऱ्याकडे, रियल माद्रिदला, गेलेल्या लुईस फिगोकडे वळू, कारण बदललेल्या क्लबाचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही आणि त्याची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. डुकराचे मुंडके सगळ्यांना आठवते. २३ नोव्हेंबर २००२ रोजी बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानात रियल माद्रिदकडून कॉर्नर घ्यायला गेलेल्या फिगोवर नाणी, बाटल्या असे बरेच काही भिरकावले गेले, त्यात तेही होते. पंचांनी सामना सुमारे पंधरा मिनिटे थांबवला. पण याचे बी पेरले गेले ते जुलै २००० मध्ये.

स्पेनमध्ये १९८५ चा एक शासकीय आदेश आहे, क्रमांक १००६. खेळाडूने स्वतःहून करार सोडला तर भरपाई किती, हे करारातच ठरवण्याची मुभा त्यात आहे. त्यातूनच तिथल्या बायआउट रकमेची पद्धत रूढ झाली. रक्कम भरायची ती कायद्याने खेळाडूने. प्रत्यक्षात पैसे नवा क्लब पुरवतो आणि ते लीगच्या कार्यालयात जमा होतात. ते जमा झाले की जुन्या क्लबची संमती लागत नाही. २०१७ मध्ये नेमारच्या वेळी लीगने २२ कोटी २० लाख युरो स्वीकारायला आधी नकार दिला, तरीही त्याच दिवशी ती रक्कम थेट बार्सिलोनाला पोचती झाली आणि तो पॅरिसला गेला, इतकी ही तरतूद पक्की आहे. फिगोच्या करारात हा आकडा १००० कोटी पेसेटांचा, म्हणजे साधारण ६ कोटी युरोंचा होता. त्या वेळी जगात कोणत्याही खेळाडूसाठी इतके पैसे मोजले गेले नव्हते. एवढे कोण देणार, असे म्हणून बार्सिलोना निर्धास्त राहिले.

तिकडे माद्रिदमध्ये क्लबच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. लोरेन्झो सान्झ यांच्या काळात रियलने १९९८ आणि २००० अशी दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकली होती. त्यांना हरवणे अवघड होते. फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी सभासदांना वचन दिले की निवडून आलो तर फिगोला आणीन, नाही आणला तर तुमची वर्गणी मी भरीन. त्यासाठी माजी खेळाडू पाउलो फुत्रे यांच्या मध्यस्थीने फिगोचा एजंट जोसे वेइगा याच्याशी आधीच कागद झाला होता. पेरेझ जिंकले आणि फिगो आला नाही तर जबर दंड, असा तो कागद. पेरेझ हरले तर फिगोला काहीच तोशीस नव्हती, आणि ते हरणारच असे बहुतेकांना वाटत होते. १६ जुलै २००० रोजी पेरेझ जिंकले.

दरम्यान फिगोने बार्सिलोनातल्या एका क्रीडा दैनिकाला सांगितले होते की मी इथेच राहणार, २४ तारखेला सरावाला हजर असेन. नेमक्या २४ जुलैला तो माद्रिदमध्ये रियलची पांढरी जर्सी हातात धरून उभा होता. इथे फिगो चुकला. रियलला गेला म्हणून चुकला असे मी म्हणत नाही. एजंटाने केलेला कागद अस्तित्वात असताना लोकांना उलटा शब्द देणे ही त्याची चूक होती. त्याने काहीच बोलायला नको होते.

पण या काळात बार्सिलोनात काय चालले होते? अनेक वर्षे अध्यक्ष असलेले जोसेप लुईस नुन्येझ यांनी राजीनामा दिला होता आणि क्लबची स्वतःची निवडणूक सुरू होती. जोआन गास्पार निवडून आले ते २३ जुलैला, फिगो माद्रिदला प्रकट होण्याच्या आदल्या दिवशी. फिगोला वाढीव पगार हवा होता, पण नव्या करारावर सही करण्याचा अधिकार असलेला माणूस क्लबमध्ये नव्हता. ज्यांच्यावर राग काढायचा त्यांच्या यादीत हे सगळे कुठेच नसते. मुंडके फेकणाऱ्याला खेळाडू दिसला; रिकामी खुर्ची दिसली नाही.

अशीच रिकामी खुर्ची पुढच्याच वर्षी लंडनमध्येही होती. सॉल कॅम्पबेल हा टॉटनहॅमचा कर्णधार, याच क्लबात शाळकरी वयापासून घडलेला बचावपटू. त्याचा करार जून २००१ मध्ये संपत होता. कराराचे शेवटचे वर्ष सुरू होते तेव्हा क्लबची मालकीच बदलत होती. डिसेंबर २००० मध्ये अ‍ॅलन शुगर यांनी आपला हिस्सा विकायचे ठरवले आणि फेब्रुवारीत नवे मालक आले. मार्चमध्ये प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहम यांना काढण्यात आले. क्लबने पगाराचा मोठा प्रस्ताव दिला हे खरे, पण तो ज्या माणसांनी द्यायचा ती माणसेच अर्ध्या वर्षात बदलली होती. आणि चॅम्पियन्स लीगमध्ये खेळण्याची कॅम्पबेलची इच्छा टॉटनहॅम पुरी करू शकत नव्हते.

३ जुलै २००१ रोजी टॉटनहॅमच्या कट्टर वैऱ्याच्या, आर्सेनलच्या, सराव केंद्रावर पत्रकार जमले ते रिचर्ड राइट या गोलरक्षकाची घोषणा ऐकायला. समोर आला कॅम्पबेल. टॉटनहॅमला एक पैसाही मिळाला नाही. पहिल्याच हंगामात त्याने लीग आणि इंग्लंडचा चषक असलेला एफए कप दोन्ही जिंकले. २००३-०४ मध्ये आर्सेनल अख्ख्या लीगमध्ये एकही सामना हरले नाही, त्या बचावफळीत तो होता. टॉटनहॅमच्या काही चाहत्यांनी त्याचा पिच्छा पुढेही सोडला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये तो पोर्ट्समाउथकडून खेळत असताना इतक्या घाणेरड्या घोषणा दिल्या गेल्या की पोलिसांना कारवाई करावी लागली आणि न्यायालयाने काहींना स्टेडियमबंदी केली. कायद्याने एकही नियम न मोडलेल्या माणसाला सात वर्षांनीही ही वागणूक! याचे समर्थन कुठल्याही निष्ठेच्या नावाने होऊ शकत नाही.

त्यातही टॉटनहॅमची चूक ठळक आहे. अनुभवी क्लब करार संपायला दोन वर्षे राहिली की नव्या कराराची बोलणी सुरू करतात. एक वर्ष उरले की विकत घेणारा क्लब भाव पाडून मागतो, कारण वर्षभर थांबले तर तोच खेळाडू फुकटात मिळणार असतो. सहा महिने उरले की नव्या क्लबशी करार करायची मुभा मिळते आणि विक्रीची किंमत जवळजवळ शून्यावर येते. वाचलेल्या ट्रान्सफर रकमेचा, म्हणजे खेळाडूपोटी जुन्या क्लबला द्यायच्या पैशांचा, मोठा भाग मग खेळाडूच्या पगारात आणि सही करतानाच्या बोनसमध्ये जातो. म्हणून कराराच्या शेवटच्या वर्षात खेळाडू सही टाळतो. यात खेळाडूचा लोभ शोधण्याआधी, दोन वर्षांपूर्वी क्लबने काय केले ते विचारावे. तेव्हा विकण्याचा आणि नवा करार देण्याचा, दोन्ही पर्याय क्लबच्या हातात होते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: ज्या क्लबने लहानपणापासून घडवले त्याचे ऋण कसे फिटणार? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच फिफाने त्याचा हिशेब मांडून ठेवला आहे. खेळाडू कराराच्या मुदतीत एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की ट्रान्सफर रकमेतले ५ टक्के त्याला वय वर्षे १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. रक्कम १० कोटी असेल तर ५० लाख वाटायचे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला अडीच लाख, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला ५ लाख. शिवाय २३ वर्षांपर्यंतच्या खेळाडूसाठी वेगळी प्रशिक्षण भरपाई असते. या व्यवस्थेतली खरी गळती वेगळीच आहे. खेळाडू करार संपवून गेला तर ट्रान्सफर रक्कमच नसते, त्यामुळे ५ टक्केही नसतात. २३ च्या पुढचा खेळाडू असा गेला तर ज्या छोट्या क्लबने त्याला बाराव्या वर्षी मैदानावर आणले, त्याच्या हाती भोपळा. ज्यांना ऋणाची खरी काळजी आहे त्यांनी या गळतीवर बोलावे. सही करतानाच्या बोनसमधला काही वाटा घडवणाऱ्या क्लबांना द्यावा, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक रंग चढतो, कारण पक्षांतराची भाषा आपल्या जिभेवर रुळली आहे. आमदार एका चिन्हावर निवडून येऊन दुसऱ्या पक्षात गेला की मतदार चिडतो, तसाच हा राग आहे असे म्हटले जाते. तुलना टिकत नाही. आमदाराच्या हाती मतदाराने दिलेला कौल असतो आणि तो पाच वर्षांसाठी असतो. खेळाडूला कोणी मत दिलेले नसते. त्याच्या हाती मुदतीचा करार असतो आणि मुदत संपली की तो पुरा होतो. त्यात त्याचा खेळण्याचा एकूण काळ जेमतेम बारा-पंधरा वर्षांचा. गुडघ्याची एक दुखापत झाली तर तेवढाही नाही, आणि जखमी खेळाडूचा करार संपल्यावर त्याला निष्ठेपोटी ठेवून घेणारे क्लब शोधून सापडत नाहीत.

तरी क्लबालाही काही अधिकार हवेत. करार चालू असताना मी अमक्याला विकणार नाही असे क्लब म्हणू शकतो, आणि ते योग्यच आहे. २००७ मध्ये गॅब्रिएल हाइन्झेला मँचेस्टर युनायटेडने पत्र दिले होते की ६८ लाख पौंडांचा प्रस्ताव आला तर तुला सोडू. लिव्हरपूलने तेवढे पैसे देऊ केले. युनायटेडने नकार दिला. १९६४ मध्ये फिल चिस्नल युनायटेडमधून लिव्हरपूलला गेला, त्यानंतर या दोन वैरी क्लबांत थेट व्यवहारच झालेला नाही. इंग्लंडची अव्वल लीग असलेल्या प्रीमियर लीगच्या समितीने निकाल युनायटेडच्या बाजूने दिला, कारण पत्राचा रोख परदेशी क्लबांकडे होता, असे तिने मानले. हाइन्झे रियल माद्रिदला गेला. या सगळ्या कज्ज्याचे मूळ पत्रातल्या मोघम शब्दांत होते. देशातल्या प्रतिस्पर्ध्यांना ही अट लागू नाही, एवढे एक वाक्य असते तर प्रकरण उभेच राहिले नसते. देशातल्या क्लबसाठी सुटकेची रक्कम जास्त आणि परदेशी क्लबसाठी कमी, असे आकडे करारात घालता येतात. क्लबाला प्रतिस्पर्ध्याची एवढी धास्ती असेल तर त्याने ते सहीच्या दिवशी लिहावे आणि त्या मोबदल्यात खेळाडूला काही द्यावे. करार संपल्यानंतरही अमुक क्लबकडे जायचे नाही, अशी अट मात्र कुणीही मान्य करू नये. बोसमानने जे मिळवले ते मागच्या दाराने काढून घेण्यासारखे ते होईल.

चोरून बोलणी करण्याला शिक्षा होते का? कधी कधी. जानेवारी २००५ मध्ये आर्सेनलचा अ‍ॅश्ले कोल लंडनच्या एका हॉटेलात चेल्सीच्या लोकांना भेटला. प्रीमियर लीगने चेल्सीला ३ लाख पौंड दंड केला. कोल आणि चेल्सीचे प्रशिक्षक जोसे मुरिन्यो यांनाही दंड झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, कोल चेल्सीला गेला. चेल्सीसारख्या क्लबसाठी तो दंड म्हणजे किरकोळ खर्च. शिक्षेने हे थांबत नाही. सगळ्यांना माहिती असेल तर चोरी करायलाच थोडे उरते.

भारतात या प्रश्नाची धार अलीकडे वाढली आहे. आपल्या पट्ट्यातलेच उदाहरण घ्या. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा आणि मुंबई सिटी यांची चुरस जुनी: २०१५ मध्ये गोव्याने मुंबईला ७-० ने हरवले, २०१८-१९ च्या उपांत्य फेरीतही मुंबईला बाहेर काढले. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबईतला ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२० मध्ये गोव्याचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. त्याच हंगामासाठी अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस आणि पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला गोव्याचाच मंदार राव देसाई हेही मुंबईला आले. मुंबईने त्या वर्षी लीग शील्ड (साखळीत अव्वल ठरणाऱ्याला मिळणारी ढाल) आणि विजेतेपद दोन्ही मिळवले, आणि उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरवले ते गोव्यालाच. करोनामुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. फातोर्ड्याच्या, म्हणजे एफसी गोवाच्या घरच्या मैदानावरच्या, प्रेक्षकांना मंदारला ना टाळ्या देता आल्या, ना त्याच्यावर रुसता आले. गोव्याच्या चाहत्याची हळहळ मला समजते. पण एकामागून एक माणसे त्याच क्लबकडे जातात तेव्हा प्रश्न एका खेळाडूच्या निष्ठेचा उरत नाही. एका क्लबला ती टिकवता आली नाहीत आणि दुसऱ्याकडे पैसा, प्रशिक्षक आणि योजना होती, एवढाच त्याचा अर्थ.

अन्वर अलीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि तिथे मी खेळाडूच्या बाजूने डोळे झाकून उभा राहणार नाही. हा बचावपटू दिल्ली एफसीचा, मोहन बागानकडे अनेक वर्षांच्या लोनवर, म्हणजे उसना, होता. जुलै २०२४ मध्ये त्याने तो करार एकतर्फी संपवला आणि दिल्ली एफसीमार्फत मोहन बागानच्या सर्वांत जुन्या वैऱ्याशी, ईस्ट बंगालशी, पाच वर्षांचा करार केला. १० सप्टेंबरला भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने त्याच्यावर चार महिन्यांची बंदी घातली, त्याला आणि दोन्ही क्लबांना मिळून १२ कोटी ९० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले आणि दोन्ही क्लबांना दोन ट्रान्सफर विंडोपुरते, म्हणजे खेळाडू नोंदवण्याच्या दोन ठरावीक मुदतींपुरते, नवे खेळाडू घेण्यास मनाई केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, समितीला आपला आदेश मागे घ्यावा लागला आणि अन्वर ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या जर्सीत मैदानात उतरला. कोलकात्यात भांडण रंगले ते मात्र तो ईस्ट बंगालला कसा गेला यावर. तो बंगळुरूला गेला असता तरी कराराचा प्रश्न तसाच राहिला असता: चालू करार मोडण्याला कारण होते का? आणि इतक्या लांब मुदतीचे लोन मुळात नोंदवून का घेतले गेले? फिफाने २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनला एका वर्षाची मर्यादा घातली आणि देशांतर्गत नियम त्याप्रमाणे बदलायला संघटनांना तीन वर्षे दिली. ही दिशा माहीत असताना केलेला बहुवर्षीय लोन करार म्हणजे वादाला आमंत्रणच होते. त्यात काय लिहिले आहे हे चाहत्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते तर मोहन बागानच्या पाठीराख्याला अन्वर आपला कायमचा खेळाडू वाटला नसता.

म्हणून मागणी नेमकी करायची. प्रत्येक नोंदलेल्या खेळाडूबद्दल लीगने चार गोष्टी प्रसिद्ध कराव्यात: करार कधी संपतो, मुदत वाढवण्याचा पर्याय कुणाकडे आहे, सुटकेची रक्कम ठरली आहे का, आणि खेळाडू लोनवर असेल तर मूळ क्लब कोणता व त्याला कधी परत बोलावता येते. पगार जाहीर करायची गरज नाही, जरी अमेरिकेत मेजर लीग सॉकरच्या खेळाडूंची संघटना पगारही जाहीर करते आणि त्याने तिथे आभाळ कोसळलेले नाही. डॉर्टमुंड, युव्हेंटस, बेनफिका, पोर्टो हे शेअर बाजारात नोंदलेले क्लब. मोठा व्यवहार झाला की त्यांना गुंतवणूकदारांना कळवावे लागते. शंभर शेअर घेतलेल्याला जे कळते ते तीस वर्षे तिकीट काढणाऱ्याला का कळू नये?

क्लबांचा पहिला विरोध असा असेल की सुटकेची रक्कम उघड केली तर प्रतिस्पर्ध्याला आयती किंमत कळेल. ती त्याला आजही कळते. एजंटाचे कामच ते आहे. अंधारात राहतो तो फक्त पाठीराखा. दुसरा विरोध अधिक गंभीर आहे: जाणार हे कळल्यावर खेळाडूला शेवटचे महिने काढणे अवघड होईल. मान्य. एप्रिल २०११ मध्ये गोलरक्षक मान्युएल नॉयरने जर्मनीतला शाल्के क्लब सोडणार असल्याचे रडत रडत जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात कर्णधार म्हणून क्लबला जर्मन चषक जिंकून दिला. तरीही विजयाच्या जल्लोषात एका चाहत्याने त्याला थप्पड मारली, आणि तो ज्या बायर्नला जाणार होता तिथल्या कट्टर चाहत्यांनीही त्याच्याविरुद्ध फलक उंचावले. उघडपणाने सगळे शहाणे होतात असा माझा दावा नाही. पण नॉयरला कोणी खोटारडा म्हणू शकले नाही, आणि शाल्केला नवा गोलरक्षक शोधायला वेळ मिळाला. अशा महिन्यांत खेळाडूला सांभाळायची जबाबदारी क्लबची. प्रशिक्षकाने त्याला नियमित खेळवावे, अध्यक्षाने त्याच्या बाजूने जाहीरपणे बोलावे, आणि त्या काळात त्याचा चेहरा पुढच्या हंगामाची तिकिटे विकायला वापरू नये. डॉर्टमुंडने लेवांडोवस्कीला शेवटपर्यंत संघात ठेवले, म्हणून स्टेडियमनेही त्याला सांभाळून घेतले.

खेळाडूकडूनही दोन गोष्टी मागायच्या. कागद झाला असेल किंवा होत असेल तर राहण्याचे जाहीर वचन द्यायचे नाही. आणि जायचे ठरले की पहिली बातमी क्लबाला द्यायची, त्याच्या चाहत्यांना नव्या क्लबच्या पत्रकार परिषदेतून धक्का द्यायचा नाही. कॅम्पबेलचा मी बचाव करतो तो त्याच्या निर्णयाचा. त्या पत्रकार परिषदेचा नाही.

भारतात हे करायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत प्रत्येक व्यावसायिक खेळाडूची नोंदणी आधीच होते, कराराच्या तारखांसकट. त्यातले चार रकाने लोकांसाठी खुले करायचे आहेत, आणि ट्रान्सफर विंडो बंद झाली की दरवेळी ते ताजे करायचे आहेत. मुंबई, गोवा, कोलकाता, केरळ इथल्या चाहत्यांच्या संघटना सामन्याला फलक रंगवून नेतात, क्लबच्या अधिकाऱ्यांशी त्यांच्या बैठका होतात. पुढच्या बैठकीत तिकिटांच्या दराबरोबर हा विषयही त्यांनी लेखी मांडावा आणि उत्तरही लेखी मागावे.